आधी झांज पकड, मग गिटार ऐक

खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलंय. तो गावच्या भजनात पखवाज वाजवतो, तबल्याच्या परीक्षा दिल्या आहेत, आणि मेटालिका, आयर्न मेडन आवडीनं ऐकतो. बेळगावच्या मित्रानं त्याला मेशुगा या स्वीडनच्या मेटल बँडचं 'ब्लीड' हे गाणं ऐकवलं. दोन मिनिटांत त्यानं ते बंद केलं, पण तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. त्याचे प्रश्न असे: हे आजकालचं टेक्निकल प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे गुंतागुंतीच्या तालांचं जड गिटारचं संगीत, ऐकायला सुरुवात कुठून करायची? त्याआधी पाश्चात्त्य थिअरी शिकावी लागते काय? वेडेवाकडे ताल म्हणतात ते कानानं ओळखायचे कसे? आणि ते घोगरं ओरडणं सहनच होत नाही, त्याचं काय करायचं?

मी बेळगावात गिटार शिकवतो आणि टिळकवाडीतल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करतो. अभंग, कन्नड भावगीतं आणि पोरांच्या मेटल बँडचे डेमो, सगळं त्याच खोलीत होतं. त्यामुळं तुझा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो.

दोन मिनिटांत बंद केलंस यात वावगं काही नाही. 'ब्लीड' सात मिनिटांच्या वर चालतं, आणि ते वाजवण्यासाठी मेशुगाच्या ड्रमरला, टोमास हाकेला, खास वेगळा रियाज करावा लागला होता. नवख्या कानानं तिथून सुरुवात करणं अवघडच. पण तू पखवाज वाजवतोस हे वाचून मला मनापासून आनंद झाला. या संगीतात शिरताना लोकांना जे सगळ्यात जड जातं ते तुझ्याकडं आधीपासून आहे. ते कुठं लावायचं एवढंच सांगायचं राहिलंय.

बहुतेक नवखे श्रोते गिटारच्या मागं लागतात. ती पुढं असते, जोरात असते, सगळं लक्ष ओढून घेते, आणि नेमकी तीच हुलकावणी देत असते. तू गिटार सोडून दे. ड्रमरचा एक हात झांजेवर असतो, तो ऐक. तो सरळ एका लयीत ठोके देत असतो, एक, दोन, तीन, चार. स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम, बहुतेक वेळा तिसऱ्या ठोक्यावर पडतो. हा तुझा ठेका. मेशुगाच्या बहुतेक गाण्यांत हा वरचा ठेका असा चाराचाच असतो. वाकडं जे काही चाललेलं असतं ते त्याच्या खाली, गिटार, बास आणि पायानं वाजवायचा बास ड्रम यांच्यात. हे तिघं एकमेकांना घट्ट चिकटून वेगळाच तुकडा फिरवत असतात. तो वरच्या चाराच्या चौकटीत बसत नाही, म्हणून दर फेरीला नव्या जागी पडतो. 'ब्लीड'मध्ये पायाचा जो सतत फिरणारा तुकडा आहे तो दोन जलद आणि दोन सुट्या ठोक्यांचा, मिळून तीन मात्रांचा. वर झांज चाराची. खाली तीन, वर चार, आणि या दोघांची ओढाताण.

हे वाचून कळणार नाही, करून बघ. पायानं सावकाश आठ ठोके धर. एका ठोक्यात चार अक्षरं बसतील अशा बेतानं तोंडानं 'तकधिमि, तकधिमि' असं आठ वेळा म्हण. बत्तीस अक्षरं झाली, त्रितालाची दोन आवर्तनं. आता पाय तसाच चालू ठेवून 'तकिट तकधिमि' हा सातचा तुकडा चार वेळा म्हण आणि शेवटी एकदा नुसतं 'तकधिमि'. सात चोक अठ्ठावीस आणि चार, बत्तीसच. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या 'त'वर जोर दे आणि तो 'त' पायाच्या मानानं कुठं पडतो तिकडं लक्ष ठेव. पहिला पायाच्या पहिल्या ठोक्यावर. दुसरा तिसऱ्या ठोक्याच्या एक अक्षर आधी. तिसरा चौथ्या आणि पाचव्या ठोक्याच्या बरोबर मधे. चौथा सहाव्या ठोक्याच्या एक अक्षर नंतर. आणि शेवटचं 'तकधिमि' आठव्या ठोक्यावर नेमकं.

तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला पाय घसरतो, सगळ्यांचाच घसरतो. लय कमी कर आणि परत धर. पाय न डगमगता तोंड फिरायला लागलं की मधल्या त्या तुकड्यांत एक ओढ जाणवते, आणि आठव्या ठोक्याला दोन्ही एकत्र आले की अंग सैल होतं. मेशुगाचं संगीत या ओढीवर आणि सुटकेवर उभं आहे. गणित त्यासाठी आहे. जो नुसतं गणित मोजत बसतो त्याच्या हाती अर्धंच लागतं.

तुला तिहाई आठवेल, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायची ती रीत, आणि नातं आहेच. पण फरक ध्यानात ठेव. तिहाई समेवर यावी म्हणूनच बांधलेली असते, तिचा शेवटचा धा समेवर पडलाच पाहिजे. मेशुगाचा तुकडा समेची अशी पत्रास ठेवत नाही. ठरलेली आवर्तनं भरली की तो जिथं असेल तिथं कापतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तबलजीला म्हणूनच पहिल्यांदा ऐकताना फसल्यासारखं होतं. तो समेची वाट बघत असतो आणि तुकडा अर्ध्यावर तुटतो. तू तुकडा मोजू नकोस, आवर्तनं मोज. मग तुटण्याची जागा आधीच दिसायला लागते आणि त्या क्षणाची वाट बघण्यात मजा येते. या अभ्यासाला 'ब्लीड'पेक्षा 'रॅशनल गेझ' बरं, २००२ च्या 'नथिंग' या अल्बममधलं. लय संथ आहे, स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर स्वच्छ पडतो, आणि गिटारचा तुकडा खाली सरकत सरकत चौसष्टाव्या ठोक्याला ड्रमशी पुन्हा गाठ पडते. चार-चारच्या सोळा ओळी बोटांच्या पेरांवर मोजत ऐक. आपल्याकडं मोजायची तीच पद्धत आहे आणि ती इथं चोख चालते.

आता दुसरी जात. काही बँडमध्ये वरचा ठेकासुद्धा विषम असतो, म्हणजे झांज आणि स्नेअर सरळ चारात नसतातच. तिथं वरची युक्ती चालत नाही, तिथं आवर्तनच शोधावं लागतं. अमेरिकेतल्या टूलचं 'स्किझम' ऐक, २००१ च्या 'लॅटरॅलस' अल्बममधलं. बासची मुख्य धून पाच आणि सात अशी फिरते. बेरीज बारा होते म्हणून एकताल लावायला जाशील, पण विभाग जुळणार नाहीत. पाच आणि सात असेच वेगळे मोज. त्याच अल्बमच्या 'लॅटरॅलस' या गाण्यात ध्रुवपदाचा भाग नऊ, आठ, सात असा एकेक मात्रा कमी होत जातो. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी तबला शिकलेला आहे, आणि ते त्याच्या वाजवण्यात ऐकू येतं.

सातच्या बाबतीत एक सावधगिरी. आपला रूपक तीन-दोन-दोन, आणि तोही खालीपासून, म्हणजे बिनजोराच्या मात्रेपासून, सुरू होणारा. या गाण्यांत सात बऱ्याच वेळा दोन-दोन-तीन असे पडतात आणि पहिला ठोका भरीव असतो. रूपकाच्या सवयीनं ऐकलंस तर मात्रा बरोबर येतील, पण सगळं एक घर सरकल्यासारखं वाटेल. आधी विभाग शोध, नाव नंतर दे. कर्नाटक पद्धतीत वाढलेल्या मित्रांना मिश्र चापू या त्यांच्या सातच्या तालामुळं असाच घोळ होतो.

म्हणजे थिअरी लागत नाही काय? ऐकायला लागत नाही. स्टाफ नोटेशन वाचता आलं पाहिजे, मोड्सची नावं पाठ पाहिजेत, असं कुणी म्हणालं तर सोडून दे. पुढं वाजवायचं ठरवलंस तर शिकशीलच. आत्ता तुला आवर्तन, विभाग आणि लय एवढं पुरतं.

यापेक्षा मोठी अडचण मला तुझ्या पत्रात दिसली. मित्रानं गाणं ऐकवलं कशावर, तर बस स्टँडवर मोबाईलच्या स्पीकरवर. साध्या सहा तारांच्या गिटारची सगळ्यात खर्जाची तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते. सात तारांच्या गिटारची ६२ च्या आसपास जाते. आठ तारांच्या गिटारची, नेहमीच्या सुरावटीत, ४६ हर्ट्झच्या जवळ. बास गिटारची खालची तार ४१ वर, म्हणजे आठ तारांची गिटार जवळजवळ बासच्या घरात शिरलेली असते. मेशुगा तर याहूनही अर्धा सूर खाली लावतात. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला हा खर्ज देताच येत नाही. तुला ऐकू आली ती फक्त वरची खरखर. पखवाजाचा धुमा, म्हणजे डावीकडचं खर्जाचं तोंड, काढून टाकून नुसती उजवीकडची शाई ऐकवली तर भजन कसं वाटेल? महागडं काही घेऊ नकोस. वायरचे साधे, कानात नीट बसणारे इअरफोन पुरतात, पण कानात घट्ट बसले पाहिजेत, नाहीतर खर्ज गळून जातो.

इअरफोन लावलेस की आणखी एक गोष्ट कळेल. या संगीतात एकच गिटार डावीकडं आणि उजवीकडं वेगवेगळी वाजवून रेकॉर्ड केलेली असते. कॉपी करून चिकटवलेली नसते, माणूस तोच तुकडा दोनदा वाजवतो. दोन्हींतला केसाएवढा फरक आवाजाला रुंदी देतो. आमच्याकडं पोरं रेकॉर्डिंगला येतात तेव्हा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. पहिल्या वेळी सगळे छान वाजवतात. दुसऱ्या वेळी तेच, त्याच जागी, तेवढ्याच जोरानं वाजवताना खरी परीक्षा होते. आणि त्याहून अवघड असतं थांबणं. उजव्या हाताच्या तळव्यानं तार दाबून वाजवलेला तो तुटक, धातूसारखा ठोका, ज्याला सगळे जेंट म्हणतात, तो वाजवणं एक वेळ जमतं. पण ठोका संपल्यावर तार पूर्ण गप्प झाली पाहिजे. दोन ठोक्यांमधली ती पोकळी स्वच्छ नसेल तर तुकड्याचा आकारच दिसत नाही. ऐकताना तू या पोकळ्यांकडं लक्ष दे. गिटार कुठं वाजते यापेक्षा कुठं गप्प बसते हे ऐकलंस तर तुकडा लवकर हाती लागतो.

आवाज मात्र बेतानं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलास की वेळ झपाट्यानं कमी करावा लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या पोरांचे कान आधीच सोसत असतात. ड्रमजवळ उभं राहून सराव करणाऱ्यांना मी इअरप्लगशिवाय खोलीत घेत नाही.

आता काय ऐकायचं. मी तुला भली मोठी यादी देणार नाही. यादी मिळाली की माणूस प्रत्येक गाण्याचं एक मिनिट ऐकतो आणि सगळं ऐकल्यासारखं वागतो. एक अल्बम घे, निदान पंधरा दिवस तोच ऐक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बेळगावजवळच्या सुळेभावीला कुमार गंधर्वांचा जन्म झाला. इथल्या घराघरांत रात्र-रात्र भजनं आणि मैफली ऐकलेली माणसं आहेत. दहा मिनिटांचं गाणं आपल्याला लांब वाटायचं कारण नाही.

तुझ्यासाठी मी पहिला अल्बम निवडतो इंग्लंडच्या टेसरॅक्टचा 'ऑल्टर्ड स्टेट', २०१३ चा. कारण सरळ आहे. यात घोगरं ओरडणं अजिबात नाही. ॲश ओ'हारा हा त्या वेळचा गायक सबंध अल्बम सुरेल गायला आहे. खाली गिटार आणि बास सतत विषम तुकडे फिरवत असतात, पण वर गाण्याची धून लांब, सावकाश, श्वास घेत जाते. चार विभागांत अल्बम बांधलेला आहे, गाणी एकमेकांत मिसळतात, आणि उत्तरार्धात 'कॅलाबी-याऊ'मध्ये सॅक्सोफोन येतो तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा चमकतोच. पहिल्या आठवड्यात फक्त गाणं ऐक. दुसऱ्या आठवड्यात फक्त झांज आणि स्नेअर. मग बास. शेवटी गिटार. मी माझ्या विद्यार्थ्यांना याच क्रमानं ऐकवतो आणि हा क्रम उलटा केला की ते कंटाळतात.

त्यानंतर दोन वाटा आहेत, तुझ्या आवडीवर आहे. गायनाचा ओढा असेल तर ऑस्ट्रेलियाच्या कार्निवूलचा 'साउंड अवेक', २००९ चा, आणि नॉर्वेच्या लेप्रसचा 'द कॉन्ग्रिगेशन', २०१५ चा. लेप्रसमध्ये एइनार सोलबर्गचा गळा ऐकशील तेव्हा मेटलमध्ये असंही गाता येतं यावर विश्वास बसणार नाही. वाद्यांचा ओढा असेल तर ॲनिमल्स ॲज लीडर्स. यात गायकच नाही. टोसिन अबासी आठ तारांची गिटार अंगठ्यानं ठोकून वाजवतो, जसं बासवर स्लॅप करतात तसं, आणि तालवाद्यासारखे बोल काढतो. २००९ चा पहिला अल्बम त्यानं मिशा मन्सूरबरोबर केला, ड्रम कॉम्प्युटरवर बांधून. पण तू २०१४ चा 'द जॉय ऑफ मोशन' घे, तिथं मॅट गार्स्टका प्रत्यक्ष ड्रम वाजवतो. पखवाजवाल्याला तो माणूस ऐकायलाच पाहिजे. एवढं कठीण वाजवताना त्याचा हात किती हलका राहतो ते बघ.

मिशा मन्सूरचं नाव आलं म्हणून पेरिफेरी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनजवळचा हा बँड. बँडचा पहिला अल्बम २०१० साली आला, पण त्याच्या आधी कित्येक वर्षं मिशा घरी बसून कॉम्प्युटरवर गाणी करत होता आणि 'बल्ब' या नावानं इंटरनेटवर टाकत होता. गिटार, ड्रमचं प्रोग्रामिंग, मिक्सिंग, सगळं स्वतः. हे मी मुद्दाम सांगतो. बेळगाव-खानापुरात ना मोठा स्टुडिओ आहे ना या संगीताची कंपनी. या संगीताची आजची पिढी अशाच खोल्यांतून तयार झालेली आहे. पेरिफेरीचं २०१२ च्या अल्बममधलं 'स्कार्लेट' चार मिनिटांचं आहे, गोड आहे, तिथून सुरू कर. त्यांचं सगळंच आवडेल असं नाही. मला स्वतःला त्यांच्या काही लांब गाण्यांत कल्पनांची गर्दी वाटते, एक तुकडा रुजायच्या आत दुसरा येतो.

मागचा इतिहास थोडक्यात. १९८० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजमध्ये जमलेल्या पोरांनी ड्रीम थिएटर काढला, त्यांचा १९९२ चा 'इमेजेस अँड वर्ड्स' हा प्रोग्रेसिव्ह मेटलचा पाया मानतात. तू मेडन ऐकतोस, तुला तो लगेच आवडेल. दुसरीकडं फ्लोरिडात डेथ आणि सिनिक या बँडनी डेथ मेटल या घोगऱ्या, आक्रमक प्रकारात जॅझ आणलं, सिनिकचा 'फोकस' १९९३ चा. आणि स्वीडनच्या उमेओ शहरात १९८७ साली मेशुगा सुरू झाला. आजच्या टेक्निकल मेटलमध्ये या तिन्ही धारा मिसळलेल्या आहेत. एवढं माहीत असलं की पुरे.

आता ओरडण्याबद्दल. तुझा प्रश्न प्रामाणिक आहे. घरात भजन आणि नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या कानाला हे खटकणारच. आधी ते काय आहे ते समजून घे. आपल्या स्वरतंतूंच्या वर घशात आणखी दोन घड्या असतात, बोलताना त्यांचा उपयोग होत नाही. पोटातून श्वासाचा आधार देऊन त्या घड्या थरथरवल्या की तो घोगरा आवाज निघतो. जाणकार माणूस हे करताना बेंबीच्या देठापासून किंचाळत नसतो. माइकशिवाय समोर उभा राहिलास तर तो आवाज वाटतो त्याहून बराच लहान असतो. म्हणून तू घरी नक्कल करायला जाऊ नकोस, शिकवणाऱ्याशिवाय गळा बसतो.

आणि ऐकताना त्यात सूर शोधू नकोस. मेशुगाचा येन्स किडमन जवळपास एकाच पट्टीत शब्द फेकतो. त्यात आरोह-अवरोह नाही, पण अक्षरांची वजनं बघ, ती तालावर बसवलेली आहेत. तुझे गुरुजी वाजवण्याआधी बोल तोंडानं म्हणून पढंत करतात ना? त्या पढंतीत आपण सूर शोधत नाही, तरी ती ऐकायला सुंदर लागते. तशा कानानं किडमन ऐक.

दोन्ही आवाजांमधला पूल पाहिजे असेल तर ओपेथ. स्वीडनचाच बँड. मिकाएल ऑकरफेल्ट हा एकच माणूस एका गाण्यात घोगरंही गातो आणि मखमली गळ्यानंही. २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' घे. त्यात घोगरा आवाज येतो तेव्हा गाण्याचा मजकूर अंधारात गेलेला असतो, आणि मधेच ॲकॉस्टिक गिटारवर तोच माणूस हळुवार गायला लागतो. ओरडणं तिथं का आहे हे आपोआप कळतं. तेही जड गेलं तर २००३ चा 'डॅम्नेशन', त्यात घोगरं काहीच नाही आणि वाजवणंही शांत आहे. पावसाळ्यात ऐकण्यासारखा.

घरच्यांना हे काय चाललंय ते दाखवायचं असेल तर पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन दाखव, २६ जुलै २०२४ चं. सेन नदीकाठच्या जुन्या कॉन्सिएर्जरी तुरुंगाच्या दर्शनी भिंतीवर फ्रान्सचा गोजिरा हा बँड वाजवत होता, आणि ऑपेराची गायिका मरीना व्हियोत्ती त्यांच्याबरोबर गात होती. पुढं त्याच गाण्याला ग्रॅमीही मिळालं. गोजिराचा २००५ चा 'फ्रॉम मार्स टू सिरियस' हा जड पण मोकळा अल्बम आहे. व्हेल माशांवर, पृथ्वीवर गाणी आहेत. टेक्निकल असूनही तो रानटी जोमानं वाजतो, म्हणून मला फार प्रिय आहे.

आपल्याकडचंही ऐक. दिल्लीच्या केशव धरनं घरच्या रेकॉर्डिंगमधून स्कायहार्बर उभा केला आणि टेसरॅक्टचा गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमधून त्यावर गायला. २०१४ चा 'गाइडिंग लाइट्स' ऐक, नवख्याला अगदी योग्य. बेंगळुरूचा प्रोजेक्ट मिश्रम कर्नाटक संगीत आणि प्रोग्रेसिव्ह मेटल एकत्र वाजवतो. आपण हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींच्या उंबऱ्यावर राहतो, म्हणून हे बँड आपल्याला पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांपेक्षा जास्त आत घेतात असं माझं ठाम मत आहे. आमच्या सरावाच्या खोलीत ड्रमर 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु' म्हणून सुरू करतो, गिटारवाला मराठीत शिव्या घालतो आणि बासवाला कोंकणीत. सम सगळ्यांची एकच असते.

प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकायची संधी सोडू नकोस. २०१९ साली पुण्यात एका महोत्सवात ओपेथ आणि कार्निवूल दोन्ही वाजवून गेले. बेळगावातून पुणं काही तासांवर आहे, आणि रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की सकाळी बेंगळुरू. हा खर्ज छातीत बसतो तेव्हा जे कळतं ते कुठल्याही इअरफोनवर कळत नाही.

तू शेवटी विचारलंस की गिटार घ्यावी काय, आणि घेतली तर आठ तारांची काय. ऐकण्यासाठी गिटार लागत नाही. वाजवायचंच असेल तर साधी सहा तारांची घे, जाड तारांचा संच लाव आणि खाली उतरवून लाव, दोन-तीन वर्षं तेवढं भरपूर होतं. आठ तारांच्या गिटारला मान रुंद असते, हात लहान असेल तर पहिल्याच महिन्यात मनगट दुखतं. त्यापेक्षा जे तुझ्याकडं आहे ते वापर. 'रॅशनल गेझ' लाव आणि पखवाजावर बसून डाव्या हातानं धुम्यावर फक्त स्नेअरची जागा दे. ती पक्की झाली की उजव्या हातानं गिटारचा तुकडा शाईवर उचलायला लाग. पहिले काही दिवस दोन-तीन ठोकेच सापडतील, बाकीचे निसटतील. सापडलेल्या ठोक्यांपासून पुढं जा.

कुठं अडलंस तर गाण्याचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहून पाठव. मी मात्रा मोजून, बोल बसवून परत पाठवतो.